दुसरी खुर्ची कोणाची?

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे, असे त्यांच्या कार्यालयाने जाहीर केले. त्या छोट्याशा निवेदनात रोगाची तीव्रता आणि तो संप्रेरकांवर पोसणारा आहे, ही माहिती होतीच. पण स्वतः बायडेन व त्यांचे कुटुंबीय डॉक्टरांशी उपचारांच्या पर्यायांविषयी विचारविनिमय करीत आहेत, असेही त्यात म्हटले होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी साहजिकच रोगाच्या बातमीला मथळे दिले. विचारविनिमयाच्या त्या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. वस्तुतः आपल्या दृष्टीने तेच वाक्य महत्त्वाचे होते. कारण उपचार ठरविताना रुग्णाच्या शेजारी त्याच्या घरचे माणूसही बसणार, हे त्यात गृहीत धरलेले होते.

हाच रोग, याच अवस्थेत, उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखाद्या घरात शिरतो तेव्हा काय होते? तपासणीचा अहवाल इंग्रजीत असतो. तो मुलगा वाचतो, आणि मुलाला न उमजल्यास जावई किंवा शेजारचा एखादा शिकलेला माणूस वाचतो. डॉक्टरांच्या खोलीत रुग्णाबरोबर मुलगा जातो. जिने चाळीस-पन्नास वर्षे या माणसाबरोबर संसार केला, ती बाई औषधांची पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळीत बाहेरच्या बाकावर बसलेली असते. आतून माणसे बाहेर येतात, आणि 'काही विशेष नाही, इंजेक्शने घ्यावी लागतील,' एवढे तिला सांगितले जाते. पुढची जी काही वर्षे असतील त्यांतले पथ्यपाणी, रात्रीचे जागरण, दुखऱ्या पाठीला आधार देणे आणि लोकलच्या गर्दीतून त्या माणसाला परळला नेऊन परत आणणे, हे सारे मात्र तिनेच करायचे असते. तिच्या श्रमांवर सर्वांची भिस्त असते. तिला विश्वासात घेण्याची गरज कोणाला वाटत नाही.

या तीन गावांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला शस्त्रास्त्रांचा कारखाना, आगपेट्यांचा कारखाना आणि नंतर रसायनांचे उद्योग यांच्या आधाराने कामगारांची वस्ती वाढली. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तेव्हा गिरगाव-लालबागच्या चाळींतली कुटुंबे बदलापूरपर्यंत सरकली. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांहून अधिक होती. १९७० आणि १९८० च्या दशकांत येथील यंत्रांवर उभी राहिलेली किंवा पहाटेची लोकल पकडून मुंबईत कामाला गेलेली पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हा प्रामुख्याने साठीनंतरचा रोग आहे. म्हणजे हा प्रश्न आता या गावांच्या दाराशी आलेला आहे.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण ते ठाऊक नसल्यामुळेच बरीचशी हानी होते. प्रोस्टेट, म्हणजे ज्याला मराठी वैद्यकीय परिभाषेत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढते तशी ती बहुतेकांची थोडीफार वाढते आणि लघवीला वारंवार जावे लागते. त्या वाढीचा कर्करोगाशी संबंध असतोच असे नाही. त्यामुळे तक्रार सुरू झाली तरी 'वयाचे दुखणे' म्हणून ती अंगावर काढली जाते. पुढे कंबर दुखू लागते, तेव्हा तेल चोळले जाते आणि शेक घेतला जातो. असे काही महिने गेल्यावर केव्हातरी रक्ताची पी.एस.ए. तपासणी होते, बायॉप्सी होते, हाडांचे चित्रण होते. आणि रोग पाठीच्या कण्यात, कटीच्या हाडांत पोहोचल्याचे कळते. आपल्या देशात या रोगाचे अनेक रुग्ण अशा उशिराच्या अवस्थेतच रुग्णालयात येतात.

या अवस्थेतला रोग बहुधा समूळ बरा होत नाही. परंतु तो आटोक्यात ठेवता येतो, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे ठेवता येतो. ही ग्रंथी आणि तिचा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी आपले सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह १९४१ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षीच्या २८ फेब्रुवारीला परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते. हगिन्स यांना या संशोधनाबद्दल १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक रोखण्याच्या या उपचाराला गेल्या दहा-बारा वर्षांत नव्या औषधांची जोड मिळाली आहे. तीव्र स्वरूपाचा रोग पसरलेल्या रुग्णांवर 'लॅटिट्यूड' या नावाने ओळखला जाणारा एक अभ्यास झाला. त्यात केवळ संप्रेरकरोधक उपचार घेणाऱ्यांचा मध्यम आयुःकाल ३६.५ महिने होता. अबिरॅटेरोन या औषधाची जोड दिल्यावर तो ५३.३ महिन्यांवर गेला. मध्यम आयुःकालाचा अर्थ असा, की निम्मे रुग्ण त्याहूनही अधिक जगले. तेव्हा 'शेवटची पायरी' हे शब्द ऐकताच ज्या घरात चूल थंड होते, तेथे एवढे तरी कोणीतरी नीट सांगितले पाहिजे, की ही उद्या-परवाची गोष्ट नव्हे. चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ या रोगाबरोबर संसार करावयाचा आहे, आणि तो कसा करावयाचा हे शिकावयाचे आहे.

येथेच पत्नीचा प्रश्न उपस्थित होतो. या रोगावरील उपचारांचा पहिलाच निर्णय असा असतो, की त्याचा परिणाम पतीपत्नीच्या नात्याइतका दुसऱ्या कशावरही होत नाही. पुरुषी संप्रेरक रोखण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला म्हणजे एका लहानशा शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकणे. हा एकदाच करावयाचा आणि कमी खर्चाचा उपाय आहे. दुसरा म्हणजे ठराविक महिन्यांच्या अंतराने इंजेक्शन घेत राहणे. त्यासाठी खर्च आणि हेलपाटे सतत होतात. पण शरीराचा अवयव जात नाही, आणि इंजेक्शने थांबविल्यास परिणाम बऱ्याच अंशी ओसरू शकतो. संप्रेरकाची पातळी खाली आणण्याच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखेच उपयोगी आहेत. मग कोणता निवडायचा? कनिष्ठ मध्यमवर्गीय घरात पैशाचा विचार करून मुलगा बहुधा पहिला मार्ग सुचवितो, आणि त्यात त्याचा दोष आहे असेही नाही. परंतु ज्या दोघांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे, त्यांपैकी एक जण लाजेने गप्प असतो आणि दुसरीला खोलीत बोलावलेलेच नसते.

उपचार सुरू झाल्यावर पुरुषाची कामेच्छा मावळते. लैंगिक क्षमता जाते. अंगातून अकस्मात उष्णतेच्या वाफा येतात, ऋतुनिवृत्तीच्या काळात बायकांना येतात तशाच. वजन वाढते, स्नायू सैल पडतात, क्वचित छाती भरते, हाडे ठिसूळ होतात, थकवा येतो आणि स्वभाव हळवा किंवा चिडका होतो. हे सारे औषधाचे अपेक्षित परिणाम आहेत, माणूस बदलल्याची लक्षणे नव्हेत. पण हे ज्या बाईला सांगितलेलेच नसते, ती त्याचा काय अर्थ लावील? ज्याने आयुष्यात डोळ्यांतून पाणी काढले नाही तो माणूस दूरदर्शनवरची मालिका पाहताना रडतो. रात्री पाठ फिरवून झोपतो. तिने खांद्यावर हात ठेवला तर तो झटकतो. तिला वाटते, आपले काही चुकले, किंवा याचे मन आपल्यावरून उडाले. त्याला वाटते, आपण आता पुरुष राहिलो नाही आणि हे हिला कळले तर हिच्या नजरेतून उतरू. दोघेही एकाच खोलीत आपापल्या चुकीच्या समजुतीसह झुरत राहतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून खर्च केलेली दहा मिनिटे हे दुःख पुष्कळसे टाळू शकली असती.

सत्तरीच्या माणसांना या गोष्टीचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. परंतु हा समज तरुणांचा आहे. सत्तरीच्या जोडप्यांना कोणी विचारलेले नसते. शिवाय प्रश्न केवळ शरीरसंबंधाचा नाही. शेजारी बसणे, हात हातात घेणे, पाठीवरून हात फिरविणे, या साऱ्याच गोष्टी त्या एका न बोललेल्या गोष्टीच्या धाकाने बंद होतात. संबंध संपला तरी सहवास संपत नाही, हे त्या दोघांना कोणीतरी जाणत्याने आधाराच्या स्वरात सांगण्याची आवश्यकता असते. आपल्या मराठीत 'सहचारिणी', 'अर्धांगिनी' असे भारदस्त शब्द आहेत. लग्नपत्रिकांत आणि मृत्युलेखांत आपण ते सढळपणे वापरतो. मात्र नवऱ्याच्या अंगावर होणाऱ्या उपचाराविषयी त्या अर्ध्या अंगाला माहिती देण्याची वेळ आली, की आपली भाषा आखडते.

पत्नीपासून सत्य लपविण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्याचाही विचार केला पाहिजे. पहिला मुद्दा असा, की तिला धक्का बसेल, तिचा रक्तदाब वाढेल, तिला सोसणार नाही. हे प्रेमापोटीच म्हटले जाते. पण धक्का टळत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकललेला धक्का अधिक क्रूर असतो. ज्या दिवशी नवऱ्याच्या पायांतली शक्ती जाते, त्या दिवशी घरातल्या सर्वांना हे दोन वर्षांपासून ठाऊक होते असे जेव्हा तिला कळते, तेव्हा तिला रोगाइतकेच या फसवणुकीचेही दुःख होते. दुसरे असे, की इतकी वर्षे संसार केलेल्या बाईपासून हे खरोखर लपत नाही. तिला अर्धवट कळते, आणि अर्धवट कळलेल्या गोष्टीची भीती पूर्ण कळलेल्या गोष्टीहून मोठी असते.

लपवाछपवीचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ हे १९८१ मध्ये सत्तेवर आले, आणि त्याच वर्षी त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्याचे निदान झाले. डॉक्टरांच्या सहीने प्रकृती ठीक असल्याची पत्रके निघत राहिली. देशाला खरी गोष्ट दहा वर्षांहून अधिक काळ कळली नाही. मितराँ यांचे निधन १९९६ च्या जानेवारीत झाले, म्हणजे निदानानंतर ते चौदा वर्षांहून अधिक काळ जगले. या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. एक आशादायक आहे: हाडांत गेलेल्या रोगासह त्या काळातही एखादा माणूस इतकी वर्षे जगला आणि काम करीत राहिला. दुसरी अशी, की सत्य दडविण्याचा भार रुग्णावर आणि त्याच्या अवतीभवतीच्या प्रत्येकावर पडतो. राष्ट्राध्यक्षाला राजकारणासाठी तो भार उचलावासा वाटला असेल. अंबरनाथच्या निवृत्त कामगाराने तो कशासाठी उचलायचा?

आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला या तिन्ही गावांतल्या बायका वडाला सूत गुंडाळतात. ज्या सावित्रीसाठी हे व्रत, तिची महाभारताच्या वनपर्वातली कथा या संदर्भात आठवावी अशी आहे. सत्यवान वर्षभराने मरणार हे नारदाने सावित्रीला लग्नापूर्वीच सांगितले होते. तिने ते ऐकून घेतले आणि तरीही आपला निर्णय कायम ठेवला. सत्यवानाला मात्र काहीही ठाऊक नव्हते, आणि ते सबंध वर्ष तिने एकटीने, दिवस मोजीत काढले. सावित्रीच्या निष्ठेचे गोडवे आपण गातो. पण तिला सत्य कळले होते म्हणूनच ती त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन निघालेल्या नवऱ्याबरोबर रानात गेली, ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. सत्य ठाऊक नसलेली सावित्री त्या दिवशी घरीच राहिली असती. आणि दोघांनाही ते ठाऊक असते तर तिचे वर्ष इतके एकाकी गेले नसते, हेही तितकेच खरे आहे.

पत्नीला माहिती असणे ही केवळ भावनेची बाब नाही. रुग्णाचा जीव आणि पाय त्यावर अवलंबून असू शकतात. कण्याच्या हाडांत रोग असलेल्या माणसाची पाठदुखी एकाएकी वाढली, पाय जड किंवा बधिर होऊ लागले, लघवी किंवा शौच यांवरचा ताबा सुटू लागला, तर ते मज्जारज्जूवर दाब येत असल्याचे चिन्ह असू शकते. त्या वेळी सकाळपर्यंत थांबणेही धोक्याचे असते. काही तासांत उपचार झाले तर चालता पाय वाचतो, अन्यथा कायमचे पांगळेपण येऊ शकते. हे पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती मुलगा नसून रात्री शेजारी झोपलेली बायको असते. रसायनोपचार चालू असताना ताप आला तर तो 'साधा' समजून घरगुती काढा पाजायचा नसतो. दुखणे थांबले म्हणून इंजेक्शनची तारीख चुकवायची नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालायचे आणि हलका व्यायाम करायचा, म्हणजे हाडे व स्नायू टिकतात. एखाद्या दुखऱ्या हाडाला पुष्कळदा किरणोपचाराच्या एकाच बैठकीने आराम पडतो. तेव्हा वेदना मुकाट्याने सोसणे हा काही नशिबाचा भाग नव्हे. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला आहे त्या पुरुषाला धोका अधिक असतो, म्हणून मुलांनीही योग्य वयात डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा असतो. ही सारी माहिती घरातल्या ज्या एका व्यक्तीला असायलाच हवी, तिलाच आपण ती देत नाही.

आता प्रवासाचा विचार करू. बदलापूरहून परळ साठेक किलोमीटर. विदर्भातून किंवा बिहारमधून आलेला रुग्ण दादर-परळच्या एखाद्या धर्मशाळेत उतरतो. बदलापूरचा रुग्ण जवळचा म्हणून दर खेपेस घरी परततो, आणि ते जवळपण त्याला महागात पडते. ज्याला अर्ध्या-अर्ध्या तासाने लघवीची भावना होते, अशा माणसाला घेऊन सव्वा-दीड तासाचा लोकलचा प्रवास करून पाहिला पाहिजे. लोकलच्या डब्यात शौचालय नसते. म्हणून असा रुग्ण आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतो, आणि त्याच्या बायकोला कोणत्या स्थानकावरचे स्वच्छतागृह कोणत्या टोकाला आहे याचा नकाशा पाठ होतो. कर्करुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. परंतु सकाळच्या गर्दीत त्या डब्यापर्यंत पोहोचणे आणि धडधाकट दिसणाऱ्या नवऱ्याला कर्करोग आहे हे चारचौघांना सांगत जागा मागणे तिच्याच वाट्याला येते. त्यातच तिचा रोजगार बुडतो. उल्हासनगरात कितीतरी बायका घरबसल्या जीन्सचे शिवणकाम करतात, पापड लाटतात. त्यांना रजा नावाची गोष्ट नाही. ज्या दिवशी परळला जायचे, त्या दिवशीची मजुरी गेली.

तिची स्वतःची दुखणी तर हिशेबातच नसतात. ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता सायकलपटू ख्रिस हॉय याने २०२४ मध्ये आपला प्रोस्टेटचा कर्करोग असाध्य अवस्थेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच काळात त्याच्या पत्नीलाही मज्जासंस्थेचा एक गंभीर विकार जडल्याचे त्याने सांगितले. नवऱ्याच्या आजारात भर नको म्हणून काही काळ तिने ते त्याच्यापासूनही लपवून ठेवले होते. एडिंबरो असो की उल्हासनगर, बायका याबाबतीत सारख्याच वागतात. गुडघे, मधुमेह, डोळ्यातला मोतीबिंदू हे सारे 'यांचे एकदा होऊ दे' या वाक्याखाली पुढे ढकलले जाते. आणि येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. सगळेच संसार सुखाचे नसतात. ज्या नवऱ्याने आयुष्यभर हिडीसफिडीस केली, त्याचीही सेवा तिने हसतमुखाने करावी अशी आपली अपेक्षा असते. आपल्याच्याने किती होईल हे सांगण्याचा आणि मुलांकडे, दिरांकडे वाटा मागण्याचा तिला अधिकार आहे. मुलाने डॉक्टरांशी बोलायचे आणि आईने राबायचे, ही विभागणी न्याय्य नाही. मुलानेही महिन्यातून एक रात्र जागावे, सुनेबरोबर जावयानेही परळची एक खेप करावी. जेथे पत्नी हयात नसते तेथे हेच सारे मुलीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येते, आणि जे पत्नीविषयी म्हटले तेच तिलाही लागू पडते.

काही गोष्टी सरकारने केल्या आहेत, हे मान्य करावयास हवे. २०१२ मध्ये राज्यात सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांना आधार देते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तर वर्षांवरील सर्वांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश झाला आहे. या रोगाचे बरेच रुग्ण त्याच वयाचे असल्यामुळे ही सवलत मोलाची आहे. परंतु शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक कोठे आहे, खात्यावर दुसरे नाव कोणाचे आहे, निवृत्तिवेतनाचे कागद कोणत्या कपाटात आहेत, हे बहुतेक घरांत नवऱ्यालाच ठाऊक असते. ही माहिती तो धडधाकट असतानाच बायकोला देणे, खाती दोघांच्या नावे करणे, याला कोणी अभद्र समजू नये. यात मरणाची तयारी नसून जगण्याची सोय आहे.

मग करावयाचे काय? अंबरनाथ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. राज्यातील दहा नव्या महाविद्यालयांपैकी एक म्हणून त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. उल्हासनगरला शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे उघडण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. निदान आणि उपचारांची दिशा परळच्या तज्ज्ञांनी ठरवावी हे योग्यच; परंतु तीन-तीन महिन्यांनी घ्यावयाचे एक इंजेक्शन देण्यासाठी आणि रक्त काढण्यासाठी त्या जोडप्याला साठ किलोमीटर जाण्याचे कारण काय? आठवड्यातून एक दिवस या भागातच कर्करुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवावा. तेथे वेदनाशमनाची सोय असावी. मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले. मॉर्फीनसारखी औषधे रुग्णांना सुलभतेने मिळावीत म्हणून संसदेने २०१४ मध्ये कायदाही दुरुस्त केला. एवढे होऊनही कल्याणच्या पलीकडे वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला रात्री कोठे न्यायचे, हे त्याच्या बायकोला ठाऊक नसते. त्या विभागात मराठी, सिंधी आणि हिंदी बोलू शकणारी एक समाजसेविका असावी, आणि घरच्या बाईशी स्वतंत्रपणे बोलणे हेच तिचे पहिले काम असावे. फलाटांवर चालू स्थितीतली स्वच्छतागृहे असावीत, ही मागणीही क्षुल्लक नाही.

या मागण्यांना पैसा लागतो आणि वेळ लागतो. परंतु एक सुधारणा अशी आहे, की तिला पैसाही लागत नाही आणि शासनाचा आदेशही लागत नाही. तपासणीच्या खोलीत रुग्णाच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची असते. तीवर कोणी बसायचे, हे आज आपोआप ठरते: जो इंग्रजी जाणतो तो, जो पैसे भरतो तो, जो पुरुष आहे तो. यापुढे डॉक्टरांनी रुग्णाला एवढेच विचारावे: 'आपल्या पत्नीला आत बोलावू का?' रुग्णाची संमती हवी, आणि तिचीही. जिला सगळे ऐकायचे नसेल तिच्यावर ते लादू नये. पण विचारले मात्र दोघांनाही पाहिजे. डॉक्टरांना वेळ नाही ही तक्रार खोटी नाही. टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी साऱ्या देशातून रुग्ण येतात. तथापि मुलाला सांगण्यास जितकी मिनिटे लागतात तितकीच आईला सांगण्यासही लागतात. फरक एवढाच, की मुलाला सांगितलेले पुन्हा घरी कोणी सांगत नाही.

आणि अखेरचा शब्द नवऱ्यांसाठी. पुरुषाने आपले दुखणे बोलून दाखवू नये, हे आपण या पिढीला बालपणापासून शिकविले, आणि तिने ते निष्ठेने पाळले. कारखान्यात बोट चेपले तरी ती पिढी बोलली नाही, गाडीत चेंगरले तरी बोलली नाही. पण या एका आजारात तो मौनाचा धडा बाजूला ठेवावा. जी आपल्याबरोबर परळपर्यंत येते, तिला आपण कशासाठी परळला जातो हे सांगावे. डॉक्टर विचारोत वा न विचारोत, पुढच्या खेपेस खोलीचे दार उघडले की तिच्या हातातली पिशवी मुलाच्या हाती द्यावी, आणि तिला आत न्यावे.